एक्स-रेवरून आपोआप रिपोर्ट: कामाला हात घालण्याआधी

'मॉडेल कोणतं घेऊ?' नवे विद्यार्थी पहिला प्रश्न हाच विचारतात. तो शेवटी विचारला तरी चालतो. छातीच्या एक्स-रेवरून रिपोर्ट लिहिणारी प्रणाली फसते ती बहुतेकदा डेटाच्या साफसफाईत, नाहीतर तपासणीत.

सुरुवातीला इंडियाना विद्यापीठाचा खुला संच पुरे: ७,४७० चित्रं, ३,९५५ रिपोर्ट. बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचा मिमिक-सीएक्सआर खूपच मोठा, ३,७७,११० चित्रांचा. तो फिजिओनेट या वैद्यकीय डेटाच्या संकेतस्थळावर मिळतो, पण आधी संशोधन-नीतीचा ऑनलाइन कोर्स करून करारावर सही करावी लागते. विषय ठरला की त्याच दिवशी अर्ज टाका. हा डेटा बाहेरच्या चॅटबॉटमध्ये पेस्ट करू नका, गाईडनं सांगितलं तरी. तो करारभंग ठरतो.

रिपोर्टमधून फाइंडिंग्ज (फिल्ममध्ये काय दिसलं) आणि इम्प्रेशन (त्यावरून काढलेला निष्कर्ष) वेगळे काढा. मिमिकमध्ये नाव-तारखांच्या जागी तीन अंडरस्कोर असतात. ते तसेच राहिले तर मॉडेलही इमानेइतबारे अंडरस्कोर छापतं. त्याहून घातक म्हणजे 'मागच्या फिल्मच्या तुलनेत' अशी वाक्यं. मॉडेलला दाखवायची एकच फिल्म, आणि शिकवायची तुलना! मग ते नसलेल्या फिल्मचा हवाला देऊन 'सुधारणा आहे' असं बिनदिक्कत लिहितं. ही वाक्यं गाळा, नाहीतर मागची फिल्मही इनपुटला द्या. ट्रेन-टेस्ट विभागणी (शिकवायचा डेटा आणि तपासायचा डेटा) पेशंटनुसारच करा. एकाच माणसाच्या फिल्म दोन्हीकडे गेल्या की आकडे फुगतात. फिल्म एपी (किरण पुढून मागे) की पीए (मागून पुढे), ही नोंदही जपा. पोर्टेबल मशीनच्या एपी फिल्ममध्ये हृदय एरवीही मोठं दिसतं.

आता गुणांकन. 'नो लेफ्ट प्ल्युरल इफ्यूजन' (डाव्या फुफ्फुसाभोवती पाणी नाही) मधला 'नो' गळला, तर अख्ख्या रिपोर्टचा ब्ल्यू स्कोअर, म्हणजे मूळ रिपोर्टशी शब्द किती जुळतात याचा आकडा, जेमतेम हलतो. पेशंटच्या छातीत मात्र पाणी भरतं. म्हणून आधी एक खोडसाळ चाचणी घ्या: टेस्टमधल्या प्रत्येक पेशंटला एकच ठोकळेबाज नॉर्मल रिपोर्ट द्या आणि ब्ल्यू काढा. बहुतेक वाक्यं नॉर्मलचीच असल्यानं आकडा बऱ्यापैकी येतो. तुमचं मॉडेल त्याच्या जवळपासच असेल तर ते फिल्म पाहतच नसावं. पुढे रिपोर्ट वाचून त्यातली निरीक्षणं ओळखणाऱ्या चेक्सबर्टची १४ लेबलं आणि निरीक्षणांचे आपसातले संबंध टिपणारं रेडग्राफ वापरा. दुर्मीळ लेबलांचे गुण वेगळे मांडा, सरासरीत ते बुडतात.

शेवटी पन्नासेक रिपोर्ट घेऊन रेडिओलॉजिस्टकडे बसा. तक्त्याचे रकाने: सुटलेलं निदान, नसलेलं निदान, चुकलेली बाजू, चुकलेली तीव्रता, खोटी तुलना. 'चांगला-वाईट' असा रकाना ठेवू नका, त्यातून दुरुस्त काय करायचं ते कळत नाही.