हिंदू आणि बौद्ध धर्मांचा अभ्यास सुरू करताना: आधी दानलेख वाचा

या विषयात नवे आलेले विद्यार्थी बहुधा उपनिषदं किंवा त्रिपिटक उघडून बसतात. मी त्यांना आधी लेण्यांतले दानलेख, म्हणजे दगडात कोरलेल्या देणग्यांच्या नोंदी, वाचायला सांगतो. कसं वागावं ते ग्रंथात असतं. कोणी कोणाला काय दिलं, हे दानलेखात.

नाशिकच्या लेणी क्रमांक १० मधला उषवदाताचा लेख घ्या. पश्चिम भारतातल्या शक राजाचा, क्षत्रप नहपानाचा, हा जावई. देवब्राह्मणांना सोळा गावं दिल्याचं तो अभिमानाने सांगतो आणि त्याच दमात लेणं कोरवल्याचंही. तिथल्याच दुसऱ्या लेखात भिक्षूंसाठी ३००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) कायम ठेव आहे. २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे पाऊण टक्क्याने. पहिल्या रकमेचं वर्षाचं व्याज २४० होतं. वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. हिशेब चोख जुळतो! विहार, राजघराणं आणि बाजार एकाच लेखात भेटतात. त्याच लेण्यांतल्या क्रमांक ३ मध्ये सातवाहन राजमाता गौतमी बलश्री आपल्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, ‘एकबम्हण’ (अद्वितीय ब्राह्मण) म्हणते, वर्णसंकर थांबवल्याबद्दल त्याची स्तुती करते, आणि लेणं मात्र बौद्ध भिक्षूंना देते. ‘हिंदू’ आणि ‘बौद्ध’ असे दोन बंद कप्पे करून बसलात, तर हे लेख कुठे ठेवणार?

बहुतेक लेख प्राकृतात आहेत, लिपी ब्राह्मी. लिपी शिकणं वाटतं तेवढं अवघड नाही. भाषेला मात्र वेळ लागतो, म्हणून पाली आणि संस्कृत एकदम सुरू करू नका. मराठी वाचकाला पालीत लवकर पाय रोवता येतो, असं माझं मत. नोकऱ्या थोड्या आहेत: अध्यापन, संग्रहालयं, हस्तलिखितांची सूची. अध्यापनाच्या पात्रतेसाठी असलेल्या नेट परीक्षेची तयारी वेळेवर सुरू केलेली बरी.

आजच्या समाजावर काम करायचं असेल, तर १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतराशी यावंच लागतं. तिथे मुलाखतीत ‘तुमचा धर्म कोणता?’ एवढंच विचारून भागत नाही. लग्न कोणत्या पद्धतीने लागलं, आजीच्या देव्हाऱ्याचं पुढे काय झालं, हे विचारा. माणसं बोलती होतात. कागदपत्रं वाचताना तारीख आधी बघा. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० मध्ये झाला; तोवर त्या यादीत राहायला कागदावर बौद्ध असून चालत नसे. त्याआधीच्या दाखल्यावर ‘हिंदू’ लिहिलेलं दिसलं, तर घरात काय होतं ते घरच्यांनाच विचारावं लागेल.