उमेदवाराची मुलाखत: आधी शपथपत्र, मग प्रश्न

बातमीदारीत नव्याने आलेली मुलं निवडणूक जवळ आली की विचारतात, उमेदवाराला नेमकं विचारायचं तरी काय? प्रश्न सुचत नसतील तर शपथपत्र उघडा, एवढंच मी सांगतो. अर्जासोबत नमुना २६ मध्ये दिलेलं हे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. मुलाखतीची निम्मी तयारी तिथेच होते.

संपत्ती पाच वर्षांत किती पटीने वाढली, ही बातमी सगळेच करतात. त्यात फसगत होऊ शकते, कारण जमिनीचा चालू बाजारभाव उमेदवारानेच अंदाजाने लिहिलेला असतो. रस्ता रुंद झाला तरी आकडा फुगतो. म्हणून २०१९ आणि २०२४ ची शपथपत्रं शेजारी ठेवून गट नंबर जुळवा. नवा गट दिसला की खरेदीची तारीख, तेव्हाची किंमत, वडिलोपार्जित आहे की स्वतः घेतलेला, हे तिथेच लिहिलेलं असतं. मग ‘तुमची संपत्ती कशी वाढली?’ या ढोबळ प्रश्नाऐवजी ‘या गटातली जमीन कोणत्या उत्पन्नातून घेतली?’ असं विचारता येतं. पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रांतलं उत्पन्नही त्याच कागदात असतं.

गुन्ह्यांचंही तसंच. ‘तुमच्यावर अकरा गुन्हे आहेत’ म्हटलं की उमेदवार खूश होतो, ‘जनतेसाठी घेतलेत अंगावर’ म्हणून टाळ्याही मिळवतो. कलमं वाचा. रास्ता रोको, जमावबंदीचे गुन्हे बाजूला काढा आणि फसवणुकीचा एखादा असेल तर तेवढाच विचारा. जुने गुन्हे भादंविखाली (भारतीय दंड विधान) आणि १ जुलै २०२४ नंतरचे भारतीय न्याय संहितेखाली असतात, त्यामुळे कलमांचे आकडे बदललेत, तिथे घसरू नका.

आता स्थानिक प्रश्नांकडे. ‘साहेब, शेतकऱ्यांसाठी काय करणार?’ असं विचारलंत की भाषण ऐकून घ्यावं लागतं, आणि दोष तुमचाच. २०२४ च्या विधानसभेला आमच्या मराठवाड्यात सोयाबीन पेटलं होतं. हमीभाव ४,८९२ रुपये, बाजारात भाव त्याच्या खाली, आणि आश्वासनं एका बाजूने ६,०००, तर दुसऱ्या बाजूने ७,००० रुपयांची. भाव वाढवून देऊ हे दोघंही म्हणणार. विचारायचं ते खरेदी केंद्राचं. १२ टक्के ओलाव्याची अट पुढे करून माल परत जात होता, ती अट मतदानाच्या तोंडावर १५ टक्के झाली. तोवर शेतकऱ्याने माल आडतीवर घातला, तेव्हा तुम्ही कुठे होता? हा प्रश्न सत्ताधारी आणि विरोधक दोघांनाही लागू पडतो. एका मतदारसंघातल्या सगळ्या प्रमुख उमेदवारांना दोन-तीन प्रश्न अगदी सारखे विचारावेत. उत्तरं शेजारी छापली की वेगळी टिप्पणी करायची गरज उरत नाही.

खरी मुलाखत उपप्रश्नात असते. यादीतला पुढचा प्रश्न डोक्यात घोळत असेल तर समोरचा काय बोलला ते ऐकूच येत नाही. ‘पाठपुरावा केला’ हे उत्तर आलं की लगेच विचारा: कोणाकडे, कधी, पत्राची प्रत आहे का? आणि मग गप्प बसा.

वेळ मिळवणं हेच मोठं काम. २०२४ मध्ये ४ नोव्हेंबरला माघारीची मुदत संपली आणि १८ तारखेला प्रचार थांबला. मधल्या दोन आठवड्यांत उमेदवार दिवसभर गावभेटी, पदयात्रा, कॉर्नर सभांत असतो. रात्री दहाला भोंगा बंद होतो, त्यानंतर गाठा. गाडीत बसून बोलायची तयारी ठेवा, पण पुढच्या सीटवर बसलेला स्वीय सहायक उत्तरं देऊ लागला तर नम्रपणे थांबवा. पीएने प्रश्न आधी मागितले तर विषय सांगा, प्रश्न देऊ नका.

उमेदवार बाई असतील तर ही अडचण दुप्पट. नवरा, सासरा नाहीतर दीर शेजारी खुर्ची टाकून बसतो. मी सरळ म्हणतो, ‘भाऊ, मतपत्रिकेवर नाव ताईंचं आहे.’ एकदा त्या बोलायला लागल्या की पाणीपुरवठ्यावर आणि गावातल्या दवाखान्यावर पुष्कळदा नवऱ्यापेक्षा नेमकं बोलतात.

एरवी ‘दादा’, ‘अण्णा’ चालतं. रेकॉर्डर सुरू झाला की ‘तुम्ही’. ‘दादा, तुम्ही तर आमचेच’ अशी सुरुवात केल्यावर कर्जाचा प्रश्न घशातच अडकतो.

पॅकेजची भाषा कानावर येईलच. जाहिरात विभागाकडून निरोप येतो की अमुकची मुलाखत ‘चांगली’ लावा. पैसे देऊन छापलेला मजकूर जाहिरात म्हणूनच छापला पाहिजे. संशयित पेड न्यूज तपासायला जिल्ह्यात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. पेड न्यूज ठरली तर तिचा खर्च उमेदवाराच्या हिशोबात धरला जातो, आणि विधानसभेला ती मर्यादा ४० लाखांची आहे. त्या मुलाखतीवर आपलं नाव घालू नका, वाद घालायला तेवढं कारण पुरेसं आहे.

रेकॉर्डिंग स्वतःच्या फोनवर करा आणि निकाल लागल्यानंतरही जपून ठेवा. ‘मी असं बोललोच नाही’ हा फोन मुलाखत छापून आल्यावर सकाळी लवकर येतो. चित्रवाणीसाठी काम करत असाल तर मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास लक्षात ठेवा, तेव्हा प्रचाराचा मजकूर दाखवता येत नाही. टिपून ठेवलेली चांगली मुलाखत त्या दोन दिवसांत अडकली की वाया गेली म्हणून समजा.