डर्ट-ट्रॅकची स्लॉट कार बांधताय? या चुका टाळा

परवा संध्याकाळी आमच्याच मजल्यावरचा एक मुलगा नवी स्लॉट कार, म्हणजे ट्रॅकच्या खाचेत अडकून विजेवर धावणारी छोटी गाडी, तळहातावर घेऊन आला. "काका, ही सरळ पट्टीवरसुद्धा डुगडुगते, आणि वळणावर तर खाचेतून बाहेरच पडते." गाडी फार देखणी होती. १:३२ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्श्याची, डोक्यावर मोठा पंख असलेली स्प्रिंट कार, त्याने चार महिने खपून बांधलेली. मी ती ओट्याच्या कडाप्प्यावर ठेवली आणि बोटाने एकेक कोपरा दाबला. पुढचा उजवा कोपरा दाबला की मागचं डावं चाक टक् करून उचललं जायचं. मागची दोन्ही चाकं शेजारी धरून पाहिली आणि उलगडा झाला. खऱ्या गाडीचे फोटो समोर ठेवून त्याने मागचं उजवं चाक डाव्यापेक्षा चांगलं दोन मिमी मोठं केलं होतं.

खऱ्या गाडीत ते बरोबरच आहे. अमेरिकेतल्या मातीच्या लंबगोल ट्रॅकवर या गाड्या फक्त डावीकडे वळतात. उजव्या चाकाला बाहेरून जास्त अंतर कापायचं असतं आणि मागचा ॲक्सल अखंड असतो, दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल नसतोच. म्हणून उजवं चाक मोठं ठेवलं की गाडी आपणहून डावीकडे ओढ घेते. ड्रायव्हर धरून जेमतेम साडेसहाशे किलोच्या आसपासची गाडी आणि सुमारे ९०० अश्वशक्तीचं इंजिन. ड्रायव्हर शेपूट बाहेर फेकतो, पुढची चाकं उलट उजवीकडे वळवतो आणि तशाच तिरक्या अंगाने वळण काढतो. आपल्या गाडीला मात्र वळवतो तो गाईड, म्हणजे गाडीच्या पुढच्या टोकाखाली खाचेत उतरलेली पट्टी. त्याने एकदा दिशा ठरवली की मागचं लहानमोठं चाक त्याच्याशी भांडत बसतं. सरळ पट्टीवर एक चाक कायम घासतं, चॅसी कलते आणि गाईडची एक कड खाचेतून वर येते.

या छंदात मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हेच: खऱ्या गाडीचा तिरपेपणा डोळ्यांना दिसेल तिथे ठेवा, जमिनीला टेकेल तिथे ठेवू नका. मागच्या दोन्ही टायरांचा व्यास सारखा ठेवा आणि फरक रुंदीत दाखवा. उजवा टायर रुंद, डावा अरुंद, एवढ्याने फोटोतला भास पुरेपूर येतो. तुमचा ट्रॅक निव्वळ लंबगोल असेल आणि कायम डावीकडेच वळत असेल, तर व्यासात अर्ध्या मिमीच्या आतला फरक चालून जातो. आठच्या आकड्याच्या ट्रॅकवर तोही नको.

पुढच्या चाकांचंही तेच. ती उजवीकडे वळवलेली दाखवायची हौस प्रत्येकाला असते, मलाही आहे. खुशाल दाखवा, पण ती ट्रॅकपासून केसभर वर ठेवा. पुढचं वजन गाईडने उचललं पाहिजे, चाकांनी फक्त शोभा द्यावी. तिरकी चाकं जमिनीला टेकली की ब्रेक लावल्यासारखी गाडी ओढली जाते आणि मोटर विनाकारण तापते.

आता सांगाड्याकडे येऊ. नवखी मंडळी तयार जीटी (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारसारख्या) गाडीची चॅसी घेतात आणि त्यावर स्प्रिंट कारचं कवच बसवायला जातात. दोन ॲक्सलमधलं अंतर जुळत नाही. खऱ्या स्प्रिंट कारचं हे अंतर ८४ ते ९० इंच असतं, म्हणजे आपल्या मापात ६७ ते ७१ मिमी. जीटी गाडीचं साधारण ८० मिमी भरतं. मग कवच ताणलं जातं आणि गाडी डॅशहुंड कुत्र्यासारखी लांबुडकी दिसते. त्यापेक्षा पितळी पट्टी आणि सळीची चॅसी स्वतः सोल्डर करा. गुलालवाडीत पितळी पत्रा मिळतो, बारीक कानशी आणि ड्रिल बिट नागदेवीला. मोटर एफएफ-०५० या सडपातळ जातीची घ्या. एफसी-१३० अंगाने जाड पडते आणि ड्रायव्हरला बसायला जागाच ठेवत नाही.

सोल्डरिंगची एक चूक मुंबईत जास्त भोवते. पितळ आणि स्टीलची तार जोडताना आपण सोल्डरिंगचं ॲसिड लावतो, म्हणजे झिंक क्लोराईड. जोड पक्का बसतो, आपण खूश होऊन गाडी कपाटात ठेवतो. दोन आठवड्यांनी पाहावं तर जोडाभोवती हिरवी बुरशी आल्यासारखं दिसतं आणि तार गंजलेली असते. इथल्या खाऱ्या, दमट हवेत उरलेलं ॲसिड धातू खात राहतं. जोड थंड झाला की लगेच खायच्या सोड्याच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने घासून धुवा, पंख्याखाली वाळवा, सांध्यावर मशीन ऑइलचा पुसट हात फिरवा. मोटरच्या वायरींना हे ॲसिड चुकूनही लावू नका. तिथे राळेचाच फ्लक्स.

सोल्डर करताना सांगाडा सपाट राहायला हवा. मी त्यासाठी ओटा बसवताना उरलेला कडाप्प्याचा तुकडा जपून ठेवलाय. लाकडी पाटावर सांगाडा गरम होऊन हळूच पिळतो आणि नजरेला कळतही नाही.

गिअर आवाज करत असेल तर तेल घालत बसू नका. मोटरवरचं ९ दातांचं पिनियन आणि ॲक्सलवरचा २७ दातांचा क्राउन ही नेहमीची जोडी, म्हणजे मोटरचे तीन फेरे आणि चाकाचा एक. दोघांच्या दातांमध्ये वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी सरकवा, गिअर घट्ट बसवा, मग कागद ओढून काढा. तेवढीच फट हवी. ॲक्सल बोटाने फिरवला की तो आणखी दोन-चार फेरे आपला आपण फिरला पाहिजे.

गाडी अडखळत चालत असेल तर संशय आधी गाईडखालच्या, ट्रॅकवरून वीज घेणाऱ्या तांब्याच्या वेण्यांवर घ्या. पुढचं टोक चपटं, मागचं किंचित वर वळलेलं, धागे पिसारलेले नकोत. दोन वेण्यांचे धागे एकमेकांना लागले की शॉर्ट. वेण्या फार ताठ असतील तर त्या गाईडलाच खाचेतून वर ढकलतात. गाईडकडे जाणाऱ्या वायरी ताठ असल्या तर गाईड मोकळा वळत नाही, म्हणून सिलिकॉनच्या मऊ, अनेक पदरी वायरी घ्या. गाडी उलटी पळाली तर मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा, बाकी काही बिघडलेलं नसतं.

पंखाबद्दल थोडं सविस्तर सांगतो. तो गाडीच्या सगळ्यात वरच्या टोकाला आहे, तिथला प्रत्येक ग्रॅम गाडी उलटवायला मदत करतो. जाड प्लास्टिकचा पंख करू नका. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो, साध्या कात्रीने कापला जातो आणि खऱ्या पंखाच्या ॲल्युमिनियमसारखाच चमकतो. कडा पॉलिश पेपरने मारा, बोट कापतं. पंख फेव्हिक्विकने चिकटवला तर तो गोंद ठिसूळ सुकतो आणि पहिल्याच आपटीत पंख मुळासकट निघतो. बारीक तारेच्या चार खुंट्या करा, त्यावर वायरीच्या सोललेल्या आवरणाचे तुकडे चढवा आणि पंख त्यात नुसता खोचा. गाडी उलटली की तो सुटून पडतो, मोडत नाही.

वजन लागेल तेव्हा ते खालीच लावा. कोळी बांधव जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या हातोडीने चेपून चॅसीच्या तळाशी, मागच्या ॲक्सलच्या पुढे बसवा. डावीकडेच वळणाऱ्या ट्रॅकवर थोडा भार डाव्या अंगाला द्या. शिशाला हात लागला की साबणाने धुवायचे, आणि हे काम लहान मुलांकडे द्यायचं नाही. लाकडात खाच पाडून तांब्याची टेप लावलेल्या ट्रॅकवर गाडीखाली लावलेल्या चुंबकाचा काही उपयोग नाही, तांबं त्याला चिकटत नाही. चुंबकाच्या भरवशावर धावलेली गाडी तिथे पहिल्या वळणाला बाहेर जाते.

ट्रॅकच्या मापाचाही विचार आधीच करा. आयोवातल्या नॉक्सव्हिलचा ट्रॅक अर्ध्या मैलाचा, १:३२ मध्ये त्याचा घेर २५ मीटर होतो. आपल्या घरांत हे शक्य नाही. अमेरिकेतल्याच टल्सामध्ये छपराखाली पाव मैलाच्या मातीवर मिजेट, म्हणजे स्प्रिंट कारच्या धाकट्या भावंड गाड्यांची चिली बोल शर्यत होते. त्या ट्रॅकचा घेर आपल्या मापात साडेबारा मीटर, तो सोसायटीच्या हॉलमध्ये बसतो. त्यामुळे पहिली गाडी मिजेट बांधणं मला जास्त योग्य वाटतं.

रंग जुलैत मारू नका. मी एकदा भर पावसात स्प्रेने पंख रंगवला आणि तासाभरात त्यावर दुधी साय आली. हवेतला ओलावा लॅकरमध्ये अडकतो. घाईच असेल तर ॲक्रिलिक रंग ब्रशने लावा, नाहीतर ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहा. चिखल दाखवण्यासाठी खरी माती चाळून चिकटवण्याचा मोह होतो, पण तिचे कण सुटतात आणि ॲक्सल फिरतो त्या बुशात जाऊन बसतात. खडूची पूड मॅट वार्निशवर टेकवा. रंग ट्रॅकप्रमाणे निवडा: जॉर्जियाची माती आपल्या कोकणासारखी तांबडी, आयोवाची काळसर.

कुणी अमेरिकेहून सेट आणला असेल तर भिंतीत लावण्याआधी ॲडॉप्टरवरचं 'इनपुट' वाचा. फक्त १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळणार. लॅमिंग्टन रोडवरून १२ व्होल्ट डीसीचा चांगला पुरवठा घ्या.

त्या मुलाच्या गाडीचं काम तासाभरात झालं. ट्रॅकवर पॉलिश पेपर चिकटवला, गाडी हाताने धरून कमी व्होल्टेजवर मागची चाकं त्यावर फिरवली, दोन्ही सारख्या व्यासाची होईपर्यंत. मग कवचाचे स्क्रू अर्धा आटा सैल केले, म्हणजे कवचाचा थरथराट चॅसीत उतरत नाही. पुन्हा कडाप्प्यावर ठेवून चारही कोपरे दाबले. टक् आवाज आला नाही. तो अकरा फेऱ्या न पडता मारून गेला, आणि बाराव्या फेरीला पंख सुटून पडला, मोडला नाही.