राखेची वीट घेताना
आमच्या चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं. आणि आपल्याकडच्या कोळशात साधारण तिसरा हिस्सा राखच. तिच्या विटांनी घर बांधायचं तर मी गिऱ्हाइकाला सांगतो, रंगावर जाऊ नका. आधी नमुना मागवा. दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत वाजल्या पाहिजेत. कोपरा नखानं खरवडून भुगा निघाला तर नकोच. मग एक वीट कोरडी तोला, चोवीस तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. वजन २० टक्क्यांहून जास्त वाढलं तर सौदा करू नका. अशी वीट पक्की व्हायला कारखान्यात पाणी मारावं लागतं, बहुतेक वेळा त्याचाच कंटाळा केलेला असतो. ही वीट भट्टीत भाजावी लागत नाही, शेतातली मातीही वाचते, म्हणून मला पसंत. कापताना मात्र चांगला मास्क लावा, रुमालानं ती धूळ अडत नाही.