जुनी इव्हो एक्स सोलापुरात आणताना: काय तपासायचं, काय बदलायचं

मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन एक्स २०१० मध्ये जपानमधून पूर्ण बांधलेल्या स्वरूपात भारतात आली. पहिल्या गाड्यांची पंधरा वर्षं आता भरली आहेत किंवा भरत आली आहेत. म्हणून बॉनेटच्या आधी आरसी उघडा.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी फॉर्म २५ भरून गाडी आरटीओत तपासून घ्यावी लागते. साध्या कारला ही फी ५,००० रुपये आहे, आयात केलेल्या चारचाकीला ४०,०००. सौदा ठरवताना हा आकडा धरूनच बोला. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, जुन्या कर्जाचा बोजा उतरवायला ३५, आणि गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी व महाराष्ट्राचा रोड टॅक्स. कुणी स्वतः आयात केलेली असेल तर कस्टम्सचं बिल ऑफ एन्ट्री आणि ड्युटीची पावती मागा. कार्नेवर, म्हणजे ड्युटी न भरता परत नेण्याच्या हमीवर, तात्पुरती आलेली गाडी इथे विकताच येत नाही, ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

मग खिशातून एक साधं लोहचुंबक काढा. इव्हो एक्सचं बॉनेट, पुढचे फेंडर आणि छत ॲल्युमिनियमचं असतं, तिथे चुंबक चिकटता कामा नये. चिकटलं तर एक तर पत्रा बदललेला आहे, किंवा ही साध्या लान्सरला किट चढवून केलेली ‘इव्हो’ आहे. रंगाची जाडी मोजणारं यंत्रही ॲल्युमिनियमवर चालणारं हवं, फक्त लोखंडावर चालणारं इथे काही दाखवणार नाही. चासी नंबरात सीझेड४ए आणि इंजिनावर ४बी११ दिसलं पाहिजे.

इंजिन थंड असतानाच सुरू करायचं, हे मालकाला आधीच सांगून ठेवा. बॉनेट हाताला गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. या इंजिनाची टायमिंग चेन (क्रँक आणि कॅम हे दोन शाफ्ट जोडणारी साखळी) ताणली जाते, आणि थंड स्टार्टला येणारी खडखड हीच तिची पहिली खूण. कॅम आणि क्रँकचा मेळ चुकल्याचा कोड स्कॅनरवर आला तर चेनचा पूर्ण सेट बदलायचा खर्च धरा. नंतर इंजिन गरम करून, सगळे प्लग काढून, इंधन बंद ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. चार सिलिंडरांत एक बारपेक्षा जास्त फरक नको.

तरीही या गाडीत खरी जोखीम गिअरबॉक्सची. टीसी-एसएसटी हा तेलात बुडालेल्या दोन क्लचचा सहा गिअरचा बॉक्स आहे. तेल जुनं झालं किंवा तापलं की क्लच घसरतात आणि त्यांचा चुरा तेलात फिरून तेलाचा दाब वाटून देणारी आतली व्हॉल्व्ह बॉडी बिघडवतो. थंड गाडीवर हे दोष लपून राहतात. म्हणून भर दुपारी वीसेक किलोमीटर पुणे महामार्गावर फिरवा आणि लगेच सात रस्त्याच्या गर्दीत आणा. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना हिसका, ब्रेक सोडल्यावर थरथर, रिव्हर्स उशिरा लागणं, डिस्प्लेवर तापल्याची सूचना, यातलं काहीही दिसलं तर किंमत कमी करून घेऊनही उपयोग नाही, सोडून द्या. मित्सुबिशीचे कोड वाचणारा स्कॅनर असलेला मेकॅनिक सोबत हवा. तसा सोलापुरात मिळाला नाही तर पुण्याहून बोलवा, तो खर्च वसूल होतो.

दुसरी महाग वस्तू म्हणजे मागचं डिफरन्शियल आणि सेंटर डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) चालवणारा हायड्रॉलिक पंप. तो गाडीखाली मागच्या भागात पाणी-चिखलाच्या वाटेवर बसतो आणि गंजतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीत तर गाडी लिफ्टवर चढवून तो डोळ्यांनी बघायचाच. एस-एडब्ल्यूसीचा (चारही चाकांची ताकद सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) दिवा चावी फिरवल्यावर लागून विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर दिव्याचीच छेडछाड झाली आहे.

गाडी घरी आली की जुन्या मालकाच्या बिलांवर न जाता सगळी तेलं बदला. इंजिन ऑइल फिल्टर-कूलरसह साधारण साडेपाच लिटर लागतं, शेवटची पातळी डिपस्टिकवर बघा. एसएसटीला डाया क्वीन एसएसटीएफ-१ हेच तेल आणि नवा फिल्टर. साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) टाकलं तर क्लच गेलेच. त्याची पातळीही ठरलेल्या तापमानाला मोजतात, त्यामुळे अंदाजाने भरू देऊ नका. ट्रान्सफर केस (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा गिअरबॉक्सशेजारचा भाग), मागचं डिफरन्शियल आणि पंप यांची तेलं वेगवेगळी असतात. ब्रेकला डॉट ४, एक लिटर.

कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालायचं नाही. त्यातल्या क्षारांचा थर ॲल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये बसतो आणि मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की काटा चढतो. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलेलं कूलंट वापरा. पुढच्या बंपरच्या आतले कूलर धुळीने बुजतात, ते प्रेशर वॉशरने धुऊ नका, पाती वाकतात. हलक्या पाण्याने आतून बाहेर धुवा.

पेट्रोल किमान ९५ ऑक्टेनचं घ्या. कमी ऑक्टेनवर टर्बो इंजिन ठोकतं, मग गाडीचा संगणक ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि ताकद जाते. इथेनॉलमिश्रित इंधन ओलावा ओढतं, त्यामुळे गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकी भरलेली ठेवा आणि रबरी इंधन-नळ्या तपासून घ्या.

टायर २४५/४० आर१८. चारही एकाच मेकचे आणि सारखे झिजलेले हवेत, नाहीतर घेरातल्या फरकाचा ताण डिफरन्शियलवर येतो. टायरवर चार आकडी तारीख असते: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचे टायर खोल नक्षी असली तरी काढा. नट सुमारे १०० न्यूटन मीटरला कसा आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

आरटीओत नेण्याआधी मूळ सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर परत बसवा. कॅट काढलेली गाडी पीयूसीला कार्बन मोनॉक्साइडवरच अडकते. काचांची काळी फिल्म काढा आणि एचएसआरपी नंबरप्लेट लावून घ्या, एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांनाही ती सक्तीची आहे.