तीर्थनला ट्राउट गरवायला जाताय? या चुका टाळा

हिमाचलातल्या तीर्थन नदीवर फ्लाय फिशिंगला जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींची पहिली चूक घरीच होते, तारखा ठरवताना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा ट्राउटच्या विणीचा काळ. तेव्हा मासेमारी बंद असते. त्यामुळे नोव्हेंबरात दिवाळीची सुट्टी आली तर बेत रद्दच समजा. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर धरा. मत्स्य विभागाचा परवाना कोण काढणार, हेही गाईडला आधीच विचारा.

दुसरी चूक हाताच्या सवयीची. खाडीवर गरवणाऱ्याला शिशाच्या वजनावर दोरी फेकायची सवय असते. इथली फ्लाय म्हणजे पिसं आणि धागा गुंडाळून केलेला किडा, तिला वजन जवळपास नसतंच. वजन असतं जाड दोरीला. रॉड मागे नेल्यावर दोरी पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे यायचं. चाबकासारखा फटकारा ऐकू आला तर समजा घाई झाली, आणि फ्लाय अजून जागेवर आहे का ते बघा. दोरी सारखी मागच्या झुडपात अडकत असेल, तर रॉड फार खाली झुकतोय. मनगट आवरा.

पण सगळ्यात जास्त मासे जातात ते दोरी फेकण्याआधीच. तीर्थनकाठच्या गुशैणी गावाजवळ पहिल्या सकाळी मी सरळ गुडघाभर पाण्यात शिरलो, तेव्हा गाईडने दंडाला धरून मागे ओढलं. काठापासून दोन हातांवर, एका दगडाच्या आडोशाला असलेली सावली हलली आणि गेली. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो आणि वाहत येणारं खाणं टिपतो. म्हणून प्रवाहाच्या खालच्या अंगाने, म्हणजे त्याच्या पाठीमागून, वाकून जायचं आणि आधी पायाजवळचं पाणी तपासायचं. मग गाईडने एक दगड उलटा केला. खाली वाळूच्या कणांची बारीक नळी चिकटलेली आणि आत अळी. त्याने डबीतून तेवढ्याच आकाराची, त्याच रंगाची फ्लाय काढली. गाईडचे पैसे मला तिथेच वसूल झाले. म्हणून तो दगड बघत असेल तेव्हा फोटो काढत बसू नका, शेजारी बसा.

मासा वर येतो, पण तोंड न लावता वळतो? बहुतेक वेळा फ्लाय ओढली जात असते. शेजारचा फेस ज्या वेगाने वाहतो, त्याच वेगाने ती यायला हवी. पाण्यावर पडल्या पडल्या दोरीचा फुगवटा उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका. तरीही नाही, तर फ्लाय एक नंबर लहान करा. टोकाचा बारीक नायलॉन गाठीपाशीच तुटत असेल, तर गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करा. कोरडी आवळलेली गाठ घर्षणाने कमकुवत होते.

आणि कृपा करून कोरड्या हाताने मासा धरू नका. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही पुढे रोगाने मरू शकतो. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून घ्या, म्हणजे गळ सहज सुटतो. फोटो हवाच असेल तर मासा पाण्यालगत धरा, दोन-तीन सेकंद पुरे. मग माशाचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला नुसता आधार द्या. कल्ले उघडझाप करू लागतात, शेपटी एकदा तळहातावर आपटते आणि त्याच्या अंगावरचे तांबडे ठिपके दगडांत मिसळून जातात.