मोरीतल्या माश्या अखेर गेल्या

आमचं घर चिपळूणला. जुलै लागला की न्हाणीघराच्या भिंती वाळतच नाहीत, आणि त्यांवर तिळाएवढ्या, केसाळ पंखांच्या करड्या माश्या. चावत नाहीत, पण दात घासताना तोंडासमोर येतात. पंधरा दिवस रोज स्प्रे मारला, फिनेल ओतलं. सकाळी पुन्हा तेवढ्याच.

मग आधी त्या येतात कुठून ते बघितलं. रात्री मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी लावली, चिकट बाजू खाली, कडेला फट ठेवून. सकाळी पट्टीला सात माश्या! बेसिनच्या पट्टीला एकही नाही.

यांच्या अळ्या पाइपाच्या आतल्या बुळबुळीत थरात वाढतात. फिनेल त्यावरून नुसतं वाहून जातं. जाळीखाली पाइपातला वास अडवणारा नहाणी ट्रॅप असतो, त्याची वाटी काढली (वास विचारू नका), बाटली धुण्याच्या लांब ब्रशने पोचेल तिथवर थर खरवडला आणि गरम पाणी सोडलं. उकळतं नाही, पाइप पीव्हीसीचा आहे. कोषातल्या माश्या नंतरही निघत राहतात, म्हणून चार-चार दिवसांनी आणखी दोनदा केलं. दोन आठवड्यांत भिंती रिकाम्या. आता दर रविवारी ब्रश फिरवते. ओल मात्र आहे तशीच आहे.